बोटवाले सोनवणे

सोनवणे माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, बोटांकडे बघून बोलतात. मी ऑफिसात नवी होते तेव्हा मला वाटलं, गृहस्थ माझी अंगठी न्याहाळताहेत. मी सरळ हात टेबलाखाली घेतला. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. "डावखुऱ्या आहात, मॅडम," ते खुशीत म्हणाले, "पण फोन उजव्या अंगठ्याने चालवता. असं का?"

कारखान्यातल्या यंत्रांवरचे टचस्क्रीन ज्याच्या जोरावर चालतात, ते सॉफ्टवेअर चिंचवडच्या आमच्या कंपनीत बनतं. पडद्यावर बटण कुठे असावं, कोणत्या रंगाचं असावं, यावर मत द्यायला शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळे पुढे. पण काचेवर बोट टेकलं की त्याचा अर्थ काय लावायचा, हा टॅप, हा स्वाइप, हे नुसतंच चुकून लागलं, हे खातं एकट्या सोनवण्यांचं. आणि त्यांनी लावलेला अर्थ बरोबर आहे का, हे तपासायचं खातं माझं. त्यामुळे त्यांचा सगळ्यात जास्त त्रासही मलाच.

"बोटाला काय म्हणायचं होतं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. लिफ्टचं बटण कुणी दोनदा दाबलं तरी विचारतात. कॅन्टीनमध्ये कुणाचा वडापाव संपला रे संपला की हे टॅब्लेट घेऊन हजर. "हात पुसू नका! तसंच एकदा स्वाइप करा." मेंदी लावून आलेली रिसेप्शनिस्ट, बोटाला चिकटपट्टी लावलेला ड्रायव्हर, कुणालाही त्यांनी सोडलेलं नाही. एकदा माझ्या मावसबहिणीला आलेलं स्थळ त्यांच्या ओळखीतलं निघालं. मुलगा कसा आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "स्वभाव वगैरे मला नाही सांगता येणार. पण पान उघडायच्या आत तीन वेळा दाबतो. उतावळा आहे." मावशीने कपाळावर हात मारला. ती फोनवर होती म्हणून बरं, नाहीतर त्यांनी तोही हात न्याहाळला असता.

मध्यंतरी त्यांनी एक सुधारणा केली आणि नंतर कितीतरी दिवस ते हवेत होते. कामगार उभ्याउभ्या पडद्यावर हात टेकतात आणि तळवा लागून भलतंच बटण दाबलं जातं, ही जुनी तक्रार. सोनवण्यांनी नियम घातला: स्पर्श रुंद असेल तर तो तळवा, त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही. मी परोपरीने तपासला. नियम चोख होता.

मग चाकणच्या एका कारखान्यातून तक्रार आली, टचस्क्रीनचं पॅनेल ऐकत नाही. आमच्याकडे ते उत्तम ऐकत होतं. पॅनेल बदलून दिलं, तरी तेच. शेवटी मला आणि सोनवण्यांना कंपनीच्या गाडीत घालून तिकडे पाठवलं.

"बाकी सगळ्यांचं चालतंय की, मॅडम," तिथला सुपरवायझर म्हणाला. "ह्या एकट्या शांतारामभाऊंचंच चालत नाही. आज जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून यांना पॅकिंगला टाकतो. मशिनवर दुसरा माणूस."

शांतारामभाऊ पन्नाशीचे, जवळच्याच गावचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मशिनवर काढलेली. पॅकिंगचं नाव निघताच त्यांनी मान खाली घातली. सोनवण्यांनी त्यांना बटण दाबायला सांगितलं. ते आमच्याकडे पाठ करून, अंगाचा आडोसा करून घाईघाईने दाबत होते. पडदा ढिम्म. पण आडोसा करून सोनवण्यांपासून हात लपवायचा म्हणजे कठीणच. ते वळसा घालून पलीकडे गेले आणि तिथेच थांबले.

शांतारामभाऊंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पुढची पेरं नव्हती, बाकीची आखडून गेलेली. ती दोन बुटकी बोटं जुळवून, आडवी टेकवून ते दाबत होते.

"आधीच्या मशिनला गोल बटणं व्हती, तितं चालायचं," ते हळूच म्हणाले. "डाव्या हातानं मशिनवरचा जॉब धरावा लागतोय. आन् उजवा ह्यो असा. ही काच मला घेतच न्हाई, साहेब."

"मग तक्रारीत हे का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात, ताई?"

सोनवण्यांचा चेहरा पडला. "मॅडम, काच नाही," ते म्हणाले. "माझा नियम त्यांना घेत नाही."

ते कॅन्टीनच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले. समोरचा चहा गार झाला, साय धरली, तरी त्यांचं लक्ष नाही. दुपारची शिफ्ट भरायच्या सुमारास उठले. आता रुंदी बघून निकाल द्यायचा नव्हता. टेकून लगेच उचललं तर ते बोट, टेकून बसून राहिलं तर तो तळवा. मशिन बंद ठेवून पॅनेलवर आधी मी माझे दोन्ही तळवे टेकवून बघितले, काही हललं नाही. मग शांतारामभाऊ पुढे झाले.

हिरवं बटण दबलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दबलं. मग उगीचच पुढचं पान, मागचं पान, परत पुढचं. "घेतंय की!" ते ओरडलेच. सुपरवायझर म्हणाला, "चला, मग हितंच ऱ्हावा, भाऊ."

निघताना शांतारामभाऊंनी हात पुढे केला तो डावा. उजवा खिशात होता. सोनवणे तसेच उभे राहिले.

"तो नको, भाऊ," ते म्हणाले. "काम केलेला द्या."

आणि तो हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, तो कितीतरी वेळ सोडेचनात. मी आपली पार्किंगमधल्या गाड्या बघत राहिले.

मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ते आपणहून बोलले. "बाबांची तीन बोटं कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेली होती, मॅडम. मी अगदी लहान होतो. त्याच हाताला धरून शाळेत जायचो. मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांचा हात असाच असतो."

मी माझ्या बाजूची काच वर केली.

"आज ते असते आणि त्या पॅनेलपुढे उभे असते, तर त्यांना तळवा समजून सोडून दिलं असतं. आणि नियम लिहिणारा कोण? मी."

"आता नाही ना सोडणार," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "आता घेईल."

मग त्यांनी मान मागे टेकवली आणि भर हॉर्नच्या कलकलाटात चक्क झोपले. उजवा हात मांडीवर अर्धवट मिटलेला होता, कुणाचा तरी हात धरून चालल्यासारखा. पुढे रस्ता मोकळा झाला, तशी मी ड्रायव्हरला म्हटलं, "सावकाश घ्या, दादा."