नवकोटची दोन गाणी

गाड्या धुणाऱ्या नवकोटच्या मालकीच्या तीन गाड्या आहेत, अशी नोंद गृहनिर्माण कार्यालयाने घेतली. कारण तसं त्याने स्वतःच गाण्यात म्हटलं होतं. नवकोट हे त्याचं रॅपमधलं नाव. गाड्या गिऱ्हाइकांच्या, धुऊन वाळेपर्यंत त्याच्या. गळ्यातली जाडजूड साखळी शेजारच्या कुत्र्याची, सोनेरी रंग मारलेली. गाण्याने त्याला अजून दमडी दिली नव्हती. पण 'काल उपाशी, आज राजा' ही ओळ लाखो लोकांनी डोक्यावर घेतली आणि गरिबांसाठीची खोली रिकामी करण्याचा हुकूम त्याच्या आईच्या हातात पडला.

नवकोट साखळी घेऊन कार्यालयातल्या साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, सगळ्या थापा आहेत. गरिबाचं रडगाणं कोण ऐकतं? श्रीमंती गायली की लोकांना वाटतं, आपलंही नशीब उद्या उघडेल."

"लाखो लोक तुमच्या श्रीमंतीचे साक्षीदार आहेत," साहेब शांतपणे म्हणाले. "गरिबीला कोण आहे?"

"आई."

"त्या लाभार्थी. त्यांची साक्ष चालत नाही. घोषणा ज्या माध्यमातून केलीत, त्याच माध्यमातून खंडन करा."

"म्हणजे?"

"म्हणजे गा."

नवकोटने जीव ओतून खरं गाणं केलं. हॉटेलच्या चादरींना इस्त्री करून आईचे भाजलेले हात, 'मी मघाशीच जेवले' हे तिचं रोजचं खोटं, सगळं त्यात होतं. ऐकून आई ढसाढसा रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "छान आहे रे, सोन्या. पण मला ते गाड्यांचं जास्त आवडतं."

दुसरं कुणी ऐकलंच नाही. साहेबांनीही अर्ध्यावर बंद केलं. "चाल रडकी आहे. साक्षीदार अपुरे."

खोली गेली. डोक्यावर गादी घेऊन नवकोट रस्त्यावर आला. साखळी परत करायचं भान राहिलं नव्हतं, ती गळ्यातच होती. मागे आई इस्त्री सांभाळत चालत होती. लोकांना वाटलं, नव्या गाण्याचं शूटिंग आहे. भराभर फोन वर झाले.

"भाऊ, एक नंबर!"

"मावशी, जरा वाकून चाला. गरीब वाटत नाही."

ती चित्रफीत गाण्यापेक्षाही जास्त चालली. नवकोट धापा टाकत कार्यालयात पोहोचला. "साहेब, आता तरी झाले ना साक्षीदार?"

साहेबांनी चित्रफितीखालचे शेरे नीट वाचले. 'राजामाणूस!' 'काय अभिनय!' 'म्हातारीने तर कमाल केली!'

"झाले," साहेब म्हणाले. "अभिनयाचे."

प्रकरण बंद झालं. ती चित्रफीत तुमच्याकडेही आली होती. तुम्ही हसलात, अंगठा वर केलात आणि चौघांना पाठवलीत. तुमची साक्ष फायलीला लागली आहे.