हरभऱ्यातला भोंगा

रोज सकाळी प्रमिलाबाईंना दोन कामे असत. स्लॅबवर चढून पारव्यांना ज्वारी टाकायची आणि नवऱ्याला, म्हणजे बंडूजींना, बोलायचे. वेळ थोडा म्हणून दोन्ही कामे त्या एकदमच उरकत. इकडे मुठीतून ज्वारी पडे, तिकडे तोंडातून बंडूजींचे कालचे सारे गुन्हे. खाली अंगणात दात घासत बसलेले बंडूजी नुसती मान हलवत. पारवे मात्र शेवटपर्यंत ऐकून घेत.

यंदा बंडूजींनी केळझरच्या रस्त्यालगतच्या दोन एकरात हरभरा पेरला. चौथ्या दिवशी जाऊन पाहतात तर वावर पारव्यांनी भरलेले. सोयाबीन निघाले, थंडी पडली, की विहिरींच्या कपारीत राहणारे पारवे असेच पेरलेल्या वावरावर उतरतात. वर राहिलेले दाणे आधी टिपतात, मग कोंब ओढून काढतात. बंडूजींचा निम्म्याहून जास्त हरभरा त्यांच्या पोटात गेला होता.

प्रमिलाबाईंनी कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले घरचे बी ड्रममधून काढून दिले.

"हे शेवटचं हाय," त्या म्हणाल्या. "हेबी पाखरांनी खाल्लं त वर्षभर बेसन नाई. मंग झुणका मांगू नका मले."

बंडूजींना झुणक्याशिवाय घास उतरत नसे. ते कळवळून म्हणाले, "तुयेच पाव्हणे हायत ते. घरी न्याहारी करतेत न् वावरात जेवाले येतेत."

"ते पुण्याचं काम हाय. तुमच्यानं त तेबी होत नाई."

दुसरी पेरणी झाली. आता दहा दिवस राखण करायची होती. पाने फुटली की पारव्यांची गोडी जाते. बंडूजींनी आपला जुना सदरा घालून बुजगावणे उभे केले. दोन दिवस पारवे लांब राहिले. तिसऱ्या दिवशी एक त्याच्या डोक्यावर बसला आणि बाकीच्यांनी निश्चिंत मनाने जेवायला सुरुवात केली. मग बंडूजींनी थाळी बडवली. पारवे उठायचे, एक गोल फेरी मारायचे आणि वावराच्या दुसऱ्या टोकाला उतरायचे. संध्याकाळपर्यंत पारवे ताजे आणि बंडूजी लंगडत होते.

शेजारच्या वावराचा तानबा गाडीवर भाजी विकायचा. त्याला दया आली. "बंडूभाऊ, माया भाजीचा भोंगा घेऊन जा. बटन दाबून आवाज भराचा. दिवसभर तेच ते बोलत राह्यते."

बंडूजींनी भोंग्यात "हुर्र, हा" भरले. तानबाने ऐकले आणि तोंड वाकडे केले. "हकलून राह्यले का इनंती करून राह्यले? आवाजात जरब पाह्यजे."

जरब म्हटल्यावर बंडूजींना फार शोधावे लागले नाही. तीस वर्षांत ते ज्या आवाजाला घाबरले, असा आवाज जगात एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भोंगा जिन्याखाली लपवला आणि प्रमिलाबाई वर चढताच बटन दाबले.

नऊ वाजता भोंगा वावराच्या मधोमध बाभळीच्या खुंटावर चढला आणि शिवारात आवाज घुमला. "चष्मा कपाळावर, न् सारं घर पालथं घालून राह्यले. ओला टावेल पलंगावर. चपला घालून सैपाकघरात. परवा जावई आले त बनियान उलटी."

तारेवरचे दोन पारवे खाली उतरले. मग तीस-चाळीस आले. तानबाच्या वावरातले उठून इकडे आले. ते भोंग्याभोवती गोल बसले आणि माना वर करून वाट पाहू लागले. बंडूजींनी आवाज वाढवला. तसे गावाकडूनही आणखी आले.

पलीकडे कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. "बंडूजी, बनियान आज तरी सुलटी हाय ना?" एकीने विचारले. त्यांच्यातल्या रुख्माबाईने कापसाची ओटी सोडली आणि तडक गावाची वाट धरली. अर्ध्या तासात प्रमिलाबाई वावराच्या कडेला, धुऱ्यावर हजर.

"हे कोण बोलून राह्यलं?"

"तू."

"कोणाले?"

"मले," बंडूजी म्हणाले. "म्हंजे पारव्यायले."

प्रमिलाबाई तावातावाने आत शिरल्या आणि त्यांनी भोंगा बंद केला. एकही पारवा उडाला नाही. उलट सगळे त्यांच्या पायाशी सरकले. त्या थबकल्या.

"हा लंगडा पाहा. हा त रोज आपल्या टाकीवर बसते. मयुरीचे बाबा, माया आवाज आला का यायले ज्वारी भेटते. तुमी वावरात पंगतीचं बोलावणं देल्लं."

बंडूजी हरभऱ्याकडे पाहत राहिले. त्यांना ताटातला झुणका दिसेनासा झाला.

"आता रडू नका," प्रमिलाबाई म्हणाल्या. "माया आवाजानं इथं येतेत, त माया आवाजानं घरीबी येतीन. भोंगा स्लॅबवर लावा."

मग राखणीचे उरलेले सहा दिवस बंडूजींच्या स्लॅबवर सकाळ-दुपार-संध्याकाळ भोंगा वाजला आणि ज्वारी पडली. गावाला चष्मा, टॉवेल, बनियान तोंडपाठ झाले. वावरात पारवा औषधाला उरला नाही. मधले तीन दिवस प्रमिलाबाई भावाकडे आष्टीला गेल्या. बटन दाबायचे आणि ज्वारी टाकायची, दोन्ही बंडूजींवर आले. भोंगा "चष्मा कपाळावर" म्हणाला की त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जाई. चष्मा तिथेच असे.

हरभरा दोन-दोन पानांवर ओळीत उभा राहिला. तानबा भोंगा न्यायला आला.

"राहू दे अजून," प्रमिलाबाई म्हणाल्या. "होळीपर्यंत तरी."

"पन वयनी, पारवे त आता वावरात येत नाई."

"पारव्यायसाठी कोण म्हन्ते?"

तानबाने अंगणात पाहिले. चपला दाराबाहेर जोडीने ठेवल्या होत्या, आणि बंडूजी ओला टॉवेल झटकून दोरीवर वाळत घालत होते.