दरवानबाईंच्या बाजूने तीनशे बारा सह्या

पॅरिसमधल्या आमच्या इमारतीत सात घरं, एक कुरकुरणारा जिना आणि एक दरवानबाई होत्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जिन्याखाली नोटीस लागली. बदलत्या काळाच्या गरजा लक्षात घेता दरवानबाईंचं पद रद्द करून त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत सायकली ठेवाव्यात, असा ठराव चौदा जूनच्या वार्षिक सभेत मांडण्यात येईल, असं व्यवस्थापक मस्यू गिशार यांनी अत्यंत नम्रपणे कळवलं होतं. नोटीस दरवानबाईंनीच चिकटवली होती, चारही कोपरे नीट दाबून.

मादाम ओतिलिया पोर्तुगालहून इथे आल्या त्याला बावीस वर्षं झाली होती. नोकरी गेली की त्यांची खोली जाणार होती, आणि खोली गेली की या शहरात पाठ टेकायला त्यांना जागा उरणार नव्हती. पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. सातांपैकी तीन घरं नीस शहरातल्या एका दंतवैद्याची. तो नऊ वर्षांत इकडे फिरकला नव्हता, पण त्याचं मुखत्यारपत्र व्यवस्थापकाकडे वेळेवर पोचायचं, म्हणजे ती तीन मतं व्यवस्थापकाची. उरलेली चार घरं आमची. आमच्या जुन्या नियमावलीप्रमाणे हजर असलेल्यांच्या मतांवर निर्णय. चौघांनी जायचं, हात वर करायचा, घरी येऊन जेवायचं.

आम्ही चौघे म्हणजे चौथ्या मजल्यावरचे तत्त्वचिंतक एवरार तायांदिए, तिसऱ्यावरच्या कादंबरीकार क्लोतिल्द व्हेर्नी, दुसऱ्यावरचा चित्रपट दिग्दर्शक तांगी कोर्बेल आणि पोटमाळ्यावर मी, स्यूरो. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासतो. इतरांच्या विचारांमधले स्वल्पविराम हे माझं कार्यक्षेत्र.

नोटीस लागली त्याच दिवशी मादाम ओतिलियांनी तायांदिएंना जिन्यात गाठलं. मी मागेच होतो.

"मस्यू तायांदिए, चौदा तारखेला याल ना? हात वर केला की झालं."

"हात?" तायांदिएंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "मादाम, तुमच्यावर जे गुदरलंय त्याला नुसता हात पुरणार नाही. खुलं पत्र लिहायला हवं."

"लिहा की. पण हातपण वर करा."

"ते ओघानं आलंच."

आमच्याकडे कुणावर अन्याय झाला की खुलं पत्र निघतं. ते वर्तमानपत्रात छापून येतं, खाली सह्या असतात, आणि लोक पत्र सोडून सह्या वाचतात. कोपऱ्यावरच्या कॅफेत समिती बसली. नमनालाच घडाभर तेल गेलं. 'एका बाईला घराबाहेर काढलं जात आहे' या पहिल्याच वाक्यावर तायांदिएंनी हरकत घेतली. 'बाहेर' म्हटलं की 'आत' गृहीत धरावं लागतं, आणि 'आत' ही कल्पना त्यांनी आपल्या दुसऱ्या ग्रंथात निकालात काढली होती. क्लोतिल्दबाईंना 'घर' खटकत होतं. तांगीचं म्हणणं होतं की पहिलं वाक्यच नको, थोडा वेळ नुसता कोरा कागद असावा. पाच आठवड्यांत चौदा खर्डे झाले. चौदाही मी तपासले.

पुढचं घोडं सह्यांच्या क्रमावर अडलं. कीर्तीप्रमाणे नावं लावली असती तर रक्तपात झाला असता. वर्णानुक्रम ठरला. पण 'ए' या अक्षरानंच दर वेळी पुढे का असावं, असा मूलगामी प्रश्न तायांदिएंनी उपस्थित केला. मग चिठ्ठी काढण्यात आली. सुरुवात 'टी' अक्षरापासून करायची असं निघालं. चिठ्ठी तायांदिएंनीच काढली होती, आणि फ्रेंचमध्ये त्यांचं आडनाव 'टी'पासून सुरू होतं. माझं 'एस'पासून, त्यामुळे तीनशे बारा सह्यांमध्ये माझी तीनशे बारावी आली.

दरम्यान बाकीचे दोघे स्वस्थ नव्हते. क्लोतिल्दबाई रोज सकाळी वही घेऊन दरवानबाईंच्या खोलीत बसू लागल्या.

"उठल्या उठल्या तुम्हाला कुणाचा राग येतो, ओतिलिया?"

"कचऱ्याच्या गाडीचा. दहा मिनिटं आधी येते मेली."

क्लोतिल्दबाईंनी वहीत लिहिलं, 'तिचं वैर काळाशी आहे.'

तांगी जिना धुण्याचं चित्रण करत होता. बादली एकाच जागी आणि कॅमेराही एकाच जागी.

"पुन्हा एकदा, मादाम. चेहरा जरा थकलेला ठेवा."

"थकायला काय झालं? हाच जिना चौथ्यांदा धुतेय, म्हणून वैतागलेय."

"वा, तेच हवंय. फक्त बोलू नका."

मेच्या मध्यावर पत्र छापून आलं. तिसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या एका प्राध्यापकांचं उलट पत्र आलं. दरवानबाईचं पद वाचवणं म्हणजे तिची गुलामी वाचवणं, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्द्यात दम असेल नसेल, खाली तीनशे चाळीस सह्या होत्या. अठ्ठावीस सह्यांची ही पिछाडी आमच्या इमारतीला सहन झाली नाही. उत्तराला उत्तर गेलं, रेडिओवर दोन चर्चा झाल्या, आणि मादाम ओतिलिया टपाल वाटता वाटता विचारत राहिल्या, "चौदा तारीख लक्षात आहे ना?"

बाई अनुभवी. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी व्यवस्थापकाकडून कोरी मुखत्यारपत्रं आणली. एक सही केली की दुसरा कुणीही त्या घराचं मत देऊ शकला असता. त्या दारोदार गेल्या.

तायांदिए खिन्न झाले. "मादाम, कुणी कुणाच्या वतीनं बोलू शकत नाही, हे सिद्ध करण्यात माझी तीस वर्षं गेली. आता एका सहीसाठी त्या सगळ्यावर पाणी सोडू?"

"मग तुम्ही स्वतः या."

"येणारच आहे मी."

क्लोतिल्दबाईंनी कागद ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत दिला. असल्या भाषेखाली सही करवत नाही म्हणून त्यांनी तीन विशेषणं खोडली होती आणि शेवट मोकळा सोडला होता. खाडाखोड असलेला अर्ज मस्यू गिशार यांनी नियमाप्रमाणे नाकारला. तांगीनं मात्र हूं की चूं न करता सही केली. मग चित्रपटात तो कागद फाटताना दाखवायला हवा असं त्याला वाटलं, आणि खोटा कागद वापरणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. माझ्याकडे बाई आल्याच नाहीत. "तुम्ही तर येणारच," असं त्या जिन्यातूनच म्हणाल्या, आणि मी मान हलवली.

चौदा जूनला संध्याकाळी सहाला चर्चच्या छोट्या दालनात सभा होती. त्याच दिवशी, त्याच वेळी, शेजारच्या रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात आमची निषेध बैठक ठेवण्यात आली. तारीख मुद्दाम तीच निवडली होती. ऐन सभेच्या घटकेला निषेध झाला नाही तर त्याला धार येत नाही, यावर समितीचं प्रथमच एकमत झालं होतं. साडेसहापर्यंत उरकून सगळ्यांनी मिळून सभेला जायचं होतं.

मी दहाच मिनिटं थांबणार होतो. पण सुरुवातीलाच सह्या करणाऱ्यांची नावं वाचायला घेतली. तायांदिएंचं नाव आलं, टाळ्या पडल्या. मला निघता आलं असतं, दार चार पावलांवर होतं. पण वीस वर्षं इतरांची नावं शुद्ध करत आलेल्या माणसाला स्वतःचं नाव भर सभेत ऐकायची हौस असते. 'झेड' संपून पुन्हा 'ए' आलं, तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. 'एम'पाशी कुणीतरी उच्चारावरून वाद घातला. "आणि स्यूरो," असं वाचलं गेलं तेव्हा पावणेसात वाजले होते, आणि टाळ्या वाजवून लोकांचे हात दुखले होते. मी पळत सुटलो. बाकीचे तिघे थांबले, कारण आता कुठे चर्चेला सुरुवात होत होती.

दालनात मादाम ओतिलिया एकट्याच घडीच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावत होत्या. खुर्च्या मांडल्याही त्यांनीच होत्या, सात घरांच्या सात.

"झालं, मस्यू स्यूरो. सात मिनिटं लागली. तीन विरुद्ध शून्य."

"मी येतच होतो..."

"धापा टाकताय. बसा, पाणी घ्या." त्यांनी मिटलेली खुर्ची माझ्यासाठी पुन्हा उघडली. "वाचलं का तुमचं नाव?"

"वाचलं."

"मग बरं झालं."

टोमणा असता तर मी परतवला असता. तो नव्हता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी मात्र मी प्यालो.

ऑगस्टमध्ये सगळं शहर सुट्टीवर गेलं असताना बाई गेल्या. कुठल्याशा बहिणीकडे, असं कुणीतरी म्हणालं. त्यांच्या खोलीत आता चार सायकली आहेत, त्यांतली एक तायांदिएंची. पुढच्या वर्षी तांगीच्या बादलीला चित्रपट महोत्सवात मानाचं पान मिळालं. तायांदिएंनी 'वर न केलेला हात' या विषयावर चारशे पानं लिहिली. क्लोतिल्दबाईंच्या कादंबरीला मोठा पुरस्कार मिळाला, आणि समारंभाला खऱ्या नायिकेला बोलवावं असं प्रकाशकांना वाटलं. निमंत्रणपत्रिका तयार होती. पाकिटावर नाव घालण्यासाठी त्यांनी मला फोन केला.

"ओतिलिया पुढे काय?"

मी तिसऱ्या मजल्यावर विचारलं, मग चौथ्यावर, मग दुसऱ्यावर. कुणालाच ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं इमारतीचं टपाल त्याच वाटायच्या, त्यामुळे त्यांच्या नावाचं पाकीट आमच्यापैकी कुणाच्या हाती कधी आलंच नव्हतं. मी खुलं पत्र काढून पाहिलं. तीनशे बारा नावं आडनावांसकट होती. ज्या बाईसाठी ती होती तिचं आडनाव पत्रात कुठेच नव्हतं, आणि चौदा खर्ड्यांमध्ये ही चूक मला सापडली नव्हती.

मस्यू गिशार यांच्या कार्यालयात ते सहज मिळेल. फोननंबर जिन्याखाली लावलेला आहे. मी अजून फोन केलेला नाही. त्याऐवजी मी ही कथा लिहिली, आणि तुम्ही ती आमच्या नावानं बोटं मोडत शेवटपर्यंत वाचलीत. आता तुमच्या घराखालचा जिना कोण झाडतं, त्यांचं आडनाव सांगा. मी थांबतो.