पिकअपची किंकाळी आणि चाकावरची काळी पावडर

देऊळघाटचे उकंडराव स्वतःची ओळख करून देण्याआधी घसा खाकरत. मग सांगत की, बुलढाण्यापासून खामगावपर्यंत त्यांच्यासारखी नजर दुसऱ्या माणसाला नाही, आणि असलीच तर तो माणूस अजून जन्मायचा आहे. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळल्या. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल आणि नारळ दिला, भिंग त्यांनी स्वतःच घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते गुप्तहेर झाले. घरावर तशी पाटी लागली. गुप्तहेराची पाटी अंधारातही दिसावी म्हणून तिच्यावर दिवा होता.

त्यांची सहायक म्हणजे भाची रेवती. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. नोकरीच्या अर्जांना उत्तरं येईपर्यंत ती मामांच्या तपासाची नोंदवही लिहीत होती. आतापर्यंत अकरा प्रकरणं झाली होती. त्यांतल्या सात हरवलेल्या कोंबड्या होत्या आणि त्या आपापल्या पायांनी घरी आल्या होत्या. उकंडराव त्यांना 'सोडवलेली प्रकरणं' म्हणत.

बाराव्या प्रकरणाला चाकं होती. मंगळवारी सकाळी शेजारच्या हर्षलने आपली पिकअप त्यांच्या दारात आणून थांबवली आणि शाळेच्या दगडी पाटीवर खिळा ओढल्यासारखा असा काही आवाज झाला की ओट्यावरचं मांजर थेट छपरावर गेलं.

"ऐकलं ना काका?" हर्षल खाली उतरत म्हणाला. "ब्रेक मारला का बोंबलते. रविवारी निशूचं साक्षगंध आहे मलकापूरले. राजूर घाट उतरून अकरा बायका घेऊन जायचं आहे. सोयऱ्यायच्या दारात अशी किंचाळली तं ते म्हणतीन, गाडी अशी तं पोरगी कशी असंल."

मागून त्याची बहीण निशिगंधा म्हणाली, "पोरगी याच्यापेक्षा मोठ्यानं बोंबलते म्हणा."

"मेकॅनिकले दाखवली?" रेवतीने विचारलं.

"तो साळ्याच्या लग्नाले गेला. शनिवारी येतो."

"मेकॅनिक गाडी पाहतो," उकंडराव भिंग पुसत म्हणाले. "मी गुन्हा पाहतो."

ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, आणि पहिला पुरावा तिथेच सापडला. रिमवर बारीक काळी पावडर साचली होती. मागच्या चाकांवर ती नव्हती. उकंडरावांनी ती बोटावर घेतली, हुंगली, आणि रेवती थांबवेपर्यंत चाटली.

"काळा मसाला," ते म्हणाले. "जुना आहे. लोखंडासारखा लागून राह्यला."

तेवढ्यात हर्षलची आई आशाबाई देवघरातलं रोजचं वाचन आटोपून चहाचा ट्रे घेऊन आल्या. "भाऊजी, त्या पुस्तकात असं दिलं आहे का..."

"वहिनी," उकंडरावांनी हात वर केला, "हे पोथीचं काम नाही. हे अकलेचं काम आहे."

आशाबाईंनी कप ठेवले आणि गेल्या. रेवतीला नेमकेपणाची हौस होती, म्हणून तिने तेही टिपून ठेवलं: 'स. ९.४०. आशाबाई पोथीतलं काही सांगत होत्या. असंबद्ध.'

गावात मसाला कुटला जातो तो ऋत्विकच्या कांडपावर. त्याच्याकडेही एक पिकअप होती. उकंडरावांच्या मते एवढं फाशीला पुरेसं होतं. ते कागदाच्या पुडीत पावडर घेऊन बुधवारी त्याच्यासमोर उभे राहिले आणि पुडी पुन्हा एकदा हुंगली.

"हा माल तुझा आहे का बे?"

ऋत्विकने पुडी पाहिली. "माह्याकडचा असता तं तुम्ही एवढ्या जवळून हुंगून शिंकला नसता का?"

उकंडराव शिंकले नव्हते. पहिला संशयित सुटला.

गुरुवारी सिद्धांत बदलला. चाकात खार शिरली असावी. ब्रेक दाबला की ती दबते आणि ओरडते. चाकापाशी सात शेंगदाणे मांडण्यात आले. तासाभरात खार आली, ती झाडावरून आली, सातही दाणे खाऊन झाडावरच गेली. हर्षलने गाडी हलवून ब्रेक मारला. गाडी किंचाळली.

"म्हणजे आत दुसरी आहे," उकंडराव म्हणाले.

शुक्रवारी रेवतीने सूत्रं हातात घेतली. फोनमधल्या ॲपवर आवाज मोजला, तो चोवीसशे हर्ट्झच्या आसपास निघाला. मग तिने सोयाबीनची सहा पोती चढवून मोजला, उतरवून मोजला, चाकं धुऊन मोजला. पोती हर्षल आणि निशिगंधा उचलत होते, त्यामुळे तिला प्रयोगाची मजा येत होती. बावीस नोंदींचा तक्ता झाला. त्यावरून एवढं सिद्ध झालं की ब्रेक मारला की आवाज येतो.

"हे तं मी मंगळवारीच सांगितलं होतं," कंबर धरून बसलेला हर्षल म्हणाला.

शनिवार उजाडला. मेकॅनिक आला नाही, त्याचा फोन आला: मेव्हण्याने अजून दोन दिवस ठेवून घेतलं. संध्याकाळी पाचला निशिगंधाची साडी अंगणात दोरीवर फडकत होती, घरात रुमालात बांधून साखरपुड्याच्या सुपाऱ्या तयार होत्या, आणि हर्षलचा चेहरा उतरला होता. उकंडराव तेलाचा डबा घेऊन आले.

"बैलगाडीचं चाक कुरकुरलं का आपला बाप काय करे?" ते म्हणाले. "वंगण घाले. विज्ञान पुढं गेलं म्हणून चाक काही चौकोनी नाही झालं."

"मामा, नका." रेवती चाकासमोर येऊन उभी राहिली. "ते चाक फिरावं म्हणून वंगण असते. हे चाक थांबावं म्हणून चकती आहे. ती घासली नाही तं गाडी थांबन कशी?"

"मग आवाज कशानं जाईन?"

रेवतीने बावीस नोंदींचा तक्ता वरून खाली पाहिला. तिच्याकडे 'नका' होतं, 'मग काय' नव्हतं.

"थेंबभर घाला काका," हर्षल खालच्या आवाजात म्हणाला. "घाटात हळू घेतो मी. पण सोयऱ्यायच्या दारात नको."

डब्याची चोच चाकाकडे वळली. तेवढ्यात घरातून आशाबाई आल्या. त्यांच्या नाकावर चष्मा होता, हातात हळदीकुंकवाने माखलेलं एक जाड पुस्तक होतं, आणि त्याच्या पानांत खूण म्हणून उदबत्तीची काडी होती.

"भाऊजी, डबा खाली ठेवा," त्या म्हणाल्या, आणि अध्याय वाचायच्या सुरात वाचू लागल्या. "पान त्रेचाळीस. ब्रेक दाबताना पुढील चाकांतून कर्कश आवाज आल्यास ब्रेकचे पॅड झिजले आहेत असे समजावे. चालकाला इशारा मिळावा म्हणून पॅडवर पत्र्याची जीभ बसवलेली असते. पॅड झिजताच ती चकतीला घासून आवाज करते. तेल अथवा ग्रीस कदापि लावू नये. पॅड त्वरित बदलावेत."

उकंडरावांनी डबा खाली ठेवला.

"आई, हे पुस्तक कुठलं?"

"तुह्या गाडीचं. तू शोरूममधून आणलं तसं खंडेनवमीले विळा-कोयत्याजवळ पूजेत मांडलं होतं. दोन वर्षं प्लॅस्टिकात देवघरात होतं. पूजा केलेलं प्लॅस्टिक फाडावं कसं म्हणून कोणी उघडलं नाही. औंदा चातुर्मासाची पोथी संपली, तं म्हटलं देवापुढचं पुस्तक न वाचता ठेवू नाही. रोज एक पान वाचून राह्यली मी."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"मंगळवारीच सांगून राह्यली होती. तुह्या काकानं अकलेचं काम काढलं."

रेवतीने रिमकडे पाहिलं. शुक्रवारी धुतलेली काळी पावडर पुन्हा साचली होती. ती पॅडची होती. पाच दिवस पॅड स्वतःचा पंचनामा चाकावर मांडत होता, आणि पत्र्याची ती जीभ एकटीच साक्ष देत होती. आणि ते सगळे मिळून तिचं तोंड बंद करायला निघाले होते.

त्याच संध्याकाळी गाडी हळूहळू बुलढाण्याला नेली. तिथल्या मेकॅनिकने अर्ध्या तासात नवे पॅड बसवले आणि जुने हर्षलच्या हातावर ठेवले. झिजून ते पापडाएवढे पातळ झाले होते. हर्षलने ते पाहिले, आपल्या अकरा बायका आठवल्या, आणि तिथल्या बाकावर बसून पाणी मागितलं.

"मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो," उकंडराव मेकॅनिकला सांगत होते, "सगळं रहस्य त्या पावडरीत आहे."

रविवारी पिकअप राजूर घाट उतरू लागली. मागे बायकांची गाणी रंगली होती, पुढे हर्षल, आशाबाई आणि मांडीवर भिंग घेतलेले उकंडराव. मागच्या खिडकीला टेकलेल्या रेवतीने वही काढली आणि मंगळवारच्या पानावरचा 'असंबद्ध' हा शब्द खोडला.

एका वळणापलीकडे रस्ताभर शेळ्या होत्या. हर्षलने ब्रेक दाबला. गाणी थांबली, बायका एकमेकींवर कलल्या, आणि गाडी पहिल्या शेळीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. आवाज आला नाही. इतका आला नाही की शेळीने मानही वर केली नाही, ती रस्त्यावरचा पाला खात राहिली.

"आता काय बे?" उकंडरावांनी भिंगातून शेळीकडे पाहत विचारलं.

आशाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, उदबत्तीची काडी पुढे सरकवली आणि चष्मा लावला.

"पान सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "हॉर्न."