बाज वरच राहिली

गोष्टीचा शेवट ऐकायचा म्हणून अपेक्षा रविवारी सकाळीच आजीच्या, मैनाबाईंच्या, मांडीशी येऊन बसली. उडत्या बाजेची, म्हणजे उडणाऱ्या खाटेची, गोष्ट ती रोज रात्री ऐकत होती. पण बाज ढगांच्या वर गेली की तिचे डोळे मिटत. उद्या शाळेत तीच गोष्ट सांगायची होती आणि शेवट तिला ठाऊक नव्हता.

“दिवसा गोष्ट सांगत नसतात, बाई,” मैनाबाई म्हणाल्या. “मामा वाट चुकते.”

“मामाजवळ मोबाइल हाये ना. तो रस्ता दाखवते.”

मैनाबाईंना हे पटलं नाही. त्यांच्या लहानपणी दिवेलागण झाल्याशिवाय कोणी म्हातारी गोष्टीसाठी तोंड उघडत नसे. त्यात आजचा दिवस नाजूक. अपेक्षाचा मामा, नितेश, पातूरहून परस्पर भातकुलीला मुलगी पाहायला निघाला होता. पस्तिशी गाठलेली, लिंबाची बाग, स्वभाव गायीसारखा. पण प्रत्येक ठिकाणाहून एकच निरोप येई, शेतकरी नको. भातकुलीच्या मुलीच्या वडिलांनी, खुशालरावांनी, मात्र “या, पाहू” म्हटलं होतं. सून प्रणाली भावासाठी सकाळपासून उपाशी होती. तो पोचल्याचा फोन आला की आपणही निघायचं म्हणून तिनं ऑटो सांगून ठेवला होता.

अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मैनाबाईंनी मधला मार्ग काढला. खिडक्या लावल्या, दारावर चादर टांगली, निरंजन लावलं आणि सकाळी दहा वाजता अमरावतीत रात्र केली.

बाज उडाली. खाली पऱ्हाटीची, कपाशीची वावरं, वर बोंडांसारख्या फुटलेल्या चांदण्या. गोष्टीतल्या पोरीनं त्या ओटीत वेचून घेतल्या. बाज ढगांच्या वर गेली, चंद्राच्या दाराशी लागली, आणि प्रणालीचा फोन वाजला.

“पाहुणा कुठी हाये?” पलीकडून खुशालराव विचारत होते. “पोहे गार झाले. पोरगी साडी नेसून बसली.”

प्रणालीनं भावाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. अखेर तिनं चादर बाजूला केली. आत निरंजन पाहून ती दारातच थांबली.

“आई, तुमी दिवसा गोष्ट सांगून राहिल्या?”

“खिडक्या लावल्या होत्या व.”

“सूर्य खिडकीले इचारून उगवते काय?”

अपेक्षा आजीला बिलगली. “माह्यामुळं मामाचं लगन नाई होणार काय, आजी?”

मैनाबाईंना त्यांच्या आजीचा उतारा आठवला. दिवसा सांगितलेली गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडं सांगत न्यायची; बाज अंगणात उतरली की मामा वाटेला लागतो. प्रणाली एम.ए. झालेली होती, तरी ती पदर सावरून समोर बसली.

“बाज चंद्राच्या दारातून मागं फिरली,” मैनाबाईंनी सुरुवात केली. “पोरीनं ओटीतल्या चांदण्या एकेक करून परत लावल्या…”

फोन वाजला. नितेश होता. आवाज दबलेला.

“ताई, मी चुकीच्या घरात हावो.”

“म्हंजे?”

“भातकुलीत इचारलं, पाहुणे येनार ते घर कोनतं. लोकायनं दाखवलं. रांगोळी होती, खुर्च्या होत्या. मले वाटलं हेच. दोन प्लेटा पोहे खाल्ले. मंग पोरीच्या बापानं इचारलं, ब्यांकेत किती वर्सं झाली? मी म्हनलं, ब्यांकेत नाई, लिंबाच्या बागेत. हे ज्याची वाट पाहात होते तो ब्यांकवाला. त्याचा आत्ताच फोन आला, येत नाई म्हून.”

“मंग तू निघ ना तिथून.”

“निघत होतो. पन ते रश्मी, पोरगी, आतून हासली. म्हने, एवढ्या पाहुण्यायत हा पहिला खरं बोलला. आता लिंबाचं इचारून राहिली. थोडा वेळ राहू दे ना, ताई.”

मैनाबाईंचा हात हवेत, शेवटच्या चांदणीशी थांबला होता. त्यांनी पुढं बोलायला तोंड उघडताच अपेक्षानं त्यावर आपला तळहात ठेवला.

“आजी, बाज खाली नको आनू.”

खुशालरावांना फोन मैनाबाईंनीच केला. कारण काय सांगावं याचा विचार करता करता खरं तेच सांगून टाकलं.

“दिवसा?” खुशालराव गंभीरपणे म्हणाले. “मंग पोराचा काय दोस, बाई. पोहे आमी खाऊन घेतो.”

सोमवारी अपेक्षानं शाळेत गोष्ट सांगितली. बाईंनी विचारलं, मग पुढं काय झालं? “बाज अजून वरच हाये,” ती म्हणाली. “मामाचं लगन होईस्तोवर उतरवता येत नाई.”

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा मैनाबाईंनी तिला जवळ घेतलं. शेवट त्यांनाही ठाऊक नव्हता. त्यांची आजी सांगायची, तेव्हा त्याही ढगांच्या वर गेल्या की झोपून जात.