जुन्या बनातीवरची परीक्षा

आजच्या नामांकित पूल खेळाडूंना जुन्या काळच्या टेबलावर नुसतं उभं करा, पाच मिनिटांत घाम फुटेल, असं डेल्फिन मानालास्तास गेली तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता. सांता ईनेस गावात त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि दुकानाला लागून, पत्र्याच्या छपराखाली, पूलचं एक टेबल. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं गेलं, की त्याला पळायची सोय उरत नसे. मग डेल्फिन आख्यान लावी.

आख्यान ठरलेलं होतं. गोरियो लांसांगन, याच गावचा खेळाडू, अठ्ठ्याहत्तर साली मनिलाच्या स्पर्धेत दिवे गेले असताना मेणबत्तीच्या उजेडात कसा जिंकला. डेल्फिन त्यात असा रंग भरी, की चांगल्या हरिदासानं मान डोलवावी. मेणबत्ती फडफडली, की तो वस्तरा हवेत धरून थांबायचा. गिऱ्हाईकही श्वास रोखून थांबायचं, कारण वस्तरा त्याच्याच गळ्यावरून उचललेला असे आणि परत तिथेच यायचा असे. शेवटी तात्पर्य यायचं : तेव्हा टेबलावर अंथरायला मुलायम बनात नव्हती, खास काठ्या नव्हत्या, थंड हवेचे क्लब नव्हते, होती ती साधना. आताच्या पोरांची सगळी करामत सामानाची.

त्याचा कुंपारे तिनोय, म्हणजे ज्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला डेल्फिन धर्मपिता म्हणून उभा राहिला होता तो मासळीवाला, हे ऐकून ऐकून किटला होता. त्यात त्याची ती मुलगी लायका आता व्यावसायिक खेळाडू झाली होती. तैवानात दोन चषक जिंकून ती जानेवारीच्या जत्रेसाठी घरी आली, तेव्हा तिनोय दुकानात येऊन म्हणाला, की कुंपारे, बोलण्यापेक्षा खेळवून बघू. गोरियोआजोबा अजून धडधाकट आहेत. दोन कोंबड्यांची पैज.

डेल्फिनला पैज हलकी वाटली. पैजा दारुडे लावतात, असं म्हणून तो सरळ कोनाड्यातल्या बाळ येशूपुढे जाऊन उभा राहिला आणि मूर्तीच्या पायावर हात ठेवून नवस बोलला. दोघंही जुन्या काळासारख्या टेबलावर खेळतील. त्यात गोरियो हरला, तर ईस्टरपर्यंत आपण जुन्या खेळाडूंबद्दल अवाक्षर काढणार नाही. मागे शिवत बसलेल्या त्याच्या बायकोनं, रोसिंगनं, सुई खाली ठेवून छातीवर क्रूस काढला. ती काळजीनं काढतेय, असं डेल्फिनला वाटलं.

पैजेतून माणूस निसटू शकतो. बाळ येशूला दिलेल्या शब्दातून निसटायला सांता ईनेसमध्ये अजून कोणी शिकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून टेबल जुनं करायचं काम निघालं. नवी बनात काढून ठेवली. माळ्यावरून जपून ठेवलेली जुनी बनात खाली आली, तशी दुकानात कुबट वास आला आणि तिच्यातून दोन पाली निघाल्या. उलगडून पाहिली तर एका कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा कापलेला. डेल्फिननं रोसिंगला विचारलं. तिनं कोनाड्याकडे बोट केलं. बाळ येशूच्या अंगावरचा हिरवा झगा इतकी वर्षं आपण कौतुकानं पाहत होतो तो कुठून आला, हे डेल्फिनला तेव्हा कळलं. देवाच्या अंगावरचं परत मागायची हिंमत त्याला झाली नाही. त्यानं गावच्या बँडच्या जुन्या गणवेशाचं ठिगळ लावलं.

मग चेंडू. जुन्या संचातला अकरा नंबर हरवला होता, आणि आमच्याकडचा खरा खेळ तर पंधराही चेंडूंचा. आकड्यांच्या क्रमानं मारायचे, जो पाडाल त्याच्या आकड्याएवढे गुण, आणि एकसष्ट झाले की डाव तुमचा. अकराशिवाय खेळ होणार कसा? डेल्फिननं एक जादा पांढरा चेंडू घेऊन रोसिंगच्या नखांच्या लाल रंगानं त्यावर पट्टा ओढला. दमट हवेत तो रंग शेवटपर्यंत वाळला नाही.

जत्रेच्या रविवारी मिरवणूक आटोपली आणि अर्धं गाव छपराखाली जमलं. गोरियो आला तो इस्त्रीचा सदरा घालून. वय शहात्तर, डोळ्यांची शस्त्रक्रिया ताजी, उजव्या काखेत लांब चामडी पेटी आणि डाव्या हातात चक्क तीन बोटांचा तुकतुकीत हातमोजा. डेल्फिनला वाटलं, थंडी वाजत असेल.

पेटी उघडायला डेल्फिननं नम्रपणे मनाई केली आणि भिंतीवरची वाकडी काठी त्याच्या हाती दिली. हातमोजाही उतरवायला लावला आणि काठी बोटांवरून सरकावी म्हणून पावडरची डबी पुढे केली, पूर्वीसारखी. गोरियोनं टेबलावरून हात फिरवला, ठिगळापाशी थांबला, आणि डेल्फिनकडे असं पाहिलं, जसं सासुरवाडीला पहिल्या पंगतीत शिळं वाढल्यावर जावई पाहतो.

पहिलाच चेंडू त्यानं सुरेख मारला. तो अर्ध्या वाटेवर गेला, काहीतरी विसरल्यासारखा थांबला आणि डावीकडे वळला. दुसरा ठिगळावर अडखळला. गोरियोच्या कानशिलावरून घाम ओघळू लागला.

लायका मात्र निवांत होती. ती चेंडू पॉकेटात न मारता पॉकेटाच्या उजवीकडे मारी, आणि चेंडू आज्ञाधारकपणे उतारावरून घरंगळत आत जाई. अकरा नंबर बनातीला चिकटतो हे पाहून तिनं तो दुप्पट जोरानं हाणला आणि पाडला.

डेल्फिनला राहवलं नाही. "पोरी, तुला या टेबलाचं कसं काय कळतं?"

"काका, मी इथंच नाही का शिकले?" ती खडू घासत म्हणाली. "ही बनात तुम्ही काढलीत तेव्हा मी बारा वर्षांची होते. डाव्या बाजूचा उतार तेव्हाही होता. तुम्ही म्हणायचात, पुढच्या वर्षी नीट करू."

ज्याला डेल्फिन जुना काळ म्हणून माळ्यावर जपत होता, तो केवळ अकरा वर्षांपूर्वीचा त्याचाच आळस होता.

लायका एकसष्ट, गोरियो सतरा. गोरियोनं काठी भिंतीला टेकवली आणि शांतपणे म्हणाला, "डेल्फिन, त्या काळी आम्ही रोज देवाला म्हणायचो, एकदा तरी गुळगुळीत बनातीवर खेळायला मिळू दे. त्यानं म्हातारपणी ऐकलं. आणि तू मला परत गोणपाटावर आणलंस होय?"

मग तो लायकाकडे वळला आणि म्हणाला, की हमरस्त्यावरच्या नव्या क्लबात तो रोज सकाळी खेळतो, थंड हवा असते, चहाही बरा मिळतो. येतेस का, खरा खेळ खेळू. लायकानं आमच्याकडच्या नमस्काराच्या रीतीनं वाकून त्याचा हात कपाळाला लावला. सगळं गाव दोन जीपनींत, म्हणजे लांबलचक प्रवासी जीपांत, बसून निघालं. डेल्फिनलाही मागच्या पायरीवर लोंबकळत जावं लागलं.

तिथं गोरियोनं पेटी उघडली, काळीभोर काठी जोडली, हातमोजा चढवला, आणि म्हाताऱ्याचं वय उतरलं. चेंडू कसे, तर टाळांच्या ठेक्यावर जावेत तसे जात होते. लायकानं जीव तोडून टक्कर दिली. चार डाव तिचे, चार त्याचे. नवव्या डावात गोरियोनं तिला एकदाच संधी दिली, तीही अवघड, आणि मग स्वतः सहा चेंडू एका दमात पाडून एकसष्ट पुरे केले. लायकानंच पहिली टाळी वाजवली.

तिनोय सावकाश डेल्फिनकडे वळला. "बोला कुंपारे. जुने मोठे की नवे?"

तीस वर्षांत पहिल्यांदा डेल्फिनकडे पुरावा होता, तोही डोळ्यांदेखतचा. गोरियोही सामानामुळेच जिंकला, असं म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, तेही जिभेच्या टोकावर तयार होतं. त्यानं तोंड उघडलं.

"ईस्टरला अजून तेरा आठवडे आहेत," शेजारी बसलेली रोसिंग केळीच्या पानातला गोड भात सोलत म्हणाली, आणि त्या उघड्या तोंडात तिनं तो भरवला.

सोमवारी सकाळी डेल्फिननं दुकान उघडलं, तर दाराबाहेर रांग. शेजारच्या गावात जाऊन दाढी करणारे, घरीच आरशापुढे कापून घेणारे, पाद्रीबाबा, खुद्द तिनोय, सगळे हजर. जो तो खुर्चीत बसला, समाधानानं डोळे मिटले, आणि दाढी होईपर्यंत छान झोपला.

त्या वर्षी ईस्टरपर्यंत सांता ईनेसमध्ये एकाही माणसाच्या गालावर खुंट दिसला नाही.