दहा मिनिटांत सुरू होणारे यंत्र

कोणतेही यंत्र चालायला दोन गोष्टी लागतात: इंधन आणि परवानगी. पैकी इंधन पाइपाने येते.

शहराबाहेरच्या गॅस टर्बाइन केंद्राचे मुख्य अभियंते या तत्त्वाचे कट्टर पुरस्कर्ते होते. आपली टर्बाइन दहा मिनिटांत वीज देऊ लागते, याचा त्यांना अभिमान होता. ती सुरू करण्याची नियमपुस्तिका एकेचाळीस पानांची आहे, याचा त्याहून जास्त. (मूळ पुस्तिका एका पानाची होती. उरलेली चाळीस साहेबांची स्वतःची. दर बढतीच्या वर्षी आठ-दहा.)

एका दुपारी सव्वातीनला अख्ख्या शहराची वीज गेली. वरून फोन आला, टर्बाइन सुरू करा. पाठोपाठ मुलीचा आला.

"बाबा, लाइट गेली! चारला परीक्षा आहे माझी, कॉम्प्युटरवर. वर्षातून एकदाच असते रे ही."

"अगं, तुझा बाप कामाला कुठे आहे? दहा मिनिटं दे!"

साहेबांनी ऐटीत पेन उघडले. ऑपरेटरने अदबीने पान सव्वीस पुढे केले. 'ज्या अधिकाऱ्याच्या घरची वीज गेली आहे, त्याने टर्बाइन सुरू करण्याच्या आदेशावर सही करू नये. (हितसंबंध.)'

"कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?"

ऑपरेटरने पानाच्या तळाशी बोट ठेवले. खाली साहेबांचीच सही होती, चांगली वळणदार. हे कलम सुचले त्या दिवशी ते स्वतःवर इतके खूश झाले होते, की त्यांनी सगळ्या स्टाफला चहा पाजला होता.

मग घरी वीज असलेला अधिकारी शोधणे आले. एकूण अधिकारी तेवीस, पैकी बिनविजेचे तेवीस. (वीज गेली की टर्बाइन लागते आणि वीज गेली की सही चालत नाही, ही किरकोळ अडचण कलम मंजूर करणाऱ्या सातही जणांच्या नजरेतून सुटली होती.) केंद्राच्या आवारात, केंद्राच्याच डिझेल जनरेटरवर राहणारा माणूस एकच होता: माळी. साहेबांनी तातडीचा आदेश काढून त्याला प्रभारी मुख्य अभियंता केले. चारला दहा कमी होती.

पान एकतीसप्रमाणे सही करणाऱ्याला यंत्र समजलेले असावे लागते. माळी हात पुसून खुर्चीत बसला. साहेब उभे राहिले.

"हे बघा, यंत्र पुढून हवा ओढतं. ती दाबून दाबून कोंबायची. मग तिच्यात गॅस सोडून पेटवायचा. तापलेला वायू जोरात मागच्या पात्यांवर आदळतो, पाती फिरतात, त्यांच्याबरोबर दांडा फिरतो, दांड्याला जनरेटर. झाली वीज."

"आणि पुढची हवा कोण कोंबतं?"

"तोच दांडा."

"त्यात किती जोर जातो?"

"तीनातले दोन वाटे."

"म्हणजे लोकांना एक." माळ्याने मान डोलावली. "तरी ऑफिसपेक्षा बरं आहे, साहेब."

साहेबांना हसू फुटले आणि तेवढ्यात घड्याळ दिसले. चार वाजून पाच. खिशातला फोन वाजत होता. "दहाच मिनिटं, बाळा," ते म्हणाले.

"पण दांडा पहिल्यांदा फिरवतं कोण?" माळ्याने विचारले.

"बाहेरची मोटर. टर्बाइन आपली आपण नाही सुरू होत."

"मग मोटरचं पान बघायला हवं." खुर्चीत बसून पाव तास झाला होता, त्यामुळे माळ्यालाही शंका येऊ लागल्या होत्या.

पाचला दहा कमी असताना सही झाली. टर्बाइन नऊ मिनिटे चाळीस सेकंदांत सुरू झाली. केंद्राचा हा विक्रम आहे.

साहेब घरी पोचले तेव्हा मुलगी लख्ख उजेडात बसली होती.

"झाली परीक्षा," ती म्हणाली. "म्हणजे, बाकीच्या शहरांतल्यांची."

साहेबांनी हिशेब केला. पोरीचे वर्ष गेले, आणि तेही आपल्याच अक्षरात. माफी मागायला हवी होती, पण ती त्यांना येत नव्हती. मग त्यांना जे येत होते ते त्यांनी केले. कागद ओढून बेचाळिसावे पान लिहायला घेतले: 'मुलीचा फोन आल्यास करावयाची कार्यवाही.'

"बाबा, जरा इकडे बघ ना."

"एवढं कलम होऊ दे, बाळा."

साहेबांना हसणे सोपे आहे आणि सुज्ञ वाचकांनी जरूर हसावे. फक्त हे वाचत असताना मघाशी आतून कोणीतरी हाक मारली, तेव्हा आपण 'आलोच' म्हणालात. त्याला किती वेळ झाला, तेवढे बघा.